लॅपटॉपवर जीपीएस लावून कोकणात जायचंय? नकाशा आधी खंबाटकीत तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात जुना पण धडधाकट विंडोज लॅपटॉप आहे, पडदा चांगला पंधरा इंची. फोनच्या एवढ्याशा पडद्यात डोळे घालून बसायचा तुम्हाला कंटाळा आलाय. दिवाळीनंतर तुम्ही दोघं कोथरूडहून गाडी काढणार, ताम्हिणीतून कोकणात उतरणार, रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर आणि साताऱ्यावरून परत. तेव्हा यूएसबीचं जीपीएस घेऊन लॅपटॉपवर नेव्हिगेशन जमेल का, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, आणि नकाशा कोणाचा अचूक?

रस्त्यांच्या सर्वेक्षणाच्या कामात माझा लॅपटॉप बराच काळ गाडीतच असतो, त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकतो. जमेल. पण लॅपटॉप हा सोबत बसणाऱ्याचा नकाशा म्हणून वापरा, चालवणाऱ्याचा वाटाड्या म्हणून नको. वळणं सांगायचं काम फोनलाच करू द्या. आणि 'अचूक' म्हणताना तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकात घातल्या आहेत. ठिपका किती बरोबर, रेघ किती बरोबर आणि रस्त्याचे नियम किती बरोबर. लोक शिव्या घालतात जीपीएसला, पण दहातल्या नऊ वेळा दोष तिसऱ्या गोष्टीत असतो.

ठिपक्याचं लवकर उरकतो. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत होती, तेव्हा शंभर मीटर इकडेतिकडे व्हायचं. ते बंद झाल्यापासून उघड्या आकाशाखाली साधा फोन किंवा यूएसबीचा डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचं छोटं जीपीएस यंत्र, साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. महागड्या यंत्राने यात गाडी चालवण्यापुरता काही फरक पडत नाही. फरक पडतो तो तुम्ही डोंगल कुठे ठेवता याने. लॅपटॉपच्या कडेला खोचलेला डोंगल म्हणजे पत्र्याच्या छपराखाली, लॅपटॉपच्याच विद्युत गोंगाटात बसवलेला डोंगल. मीटर-दीड मीटरची यूएसबी केबल घ्या आणि डॅशबोर्डवर, काचेच्या अगदी जवळ ठेवा. उष्णता परतवणारी धातूचा थर असलेली काच किंवा फिल्म असेल तर तीही सिग्नल खाते.

आणखी एक. फोनला उपग्रहांची ताजी माहिती इंटरनेटवरून मिळते, म्हणून तो चटकन जागा पकडतो. डोंगलला सगळं आकाशातूनच ऐकावं लागतं. उपग्रहाची स्वतःची नेमकी कक्षा ऐकायला अर्धा मिनिट, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं. महिनाभर कपाटात पडलेला डोंगल सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून निघालात, तर चांदणी चौक येईपर्यंत तो आंधळाच असू शकतो. निघण्यापूर्वी गाडी मोकळ्यावर आणून थोडा वेळ चालू ठेवा.

आता विंडोजची खरी गोम, जिथे बहुतेकांचं घोडं अडतं. यू-ब्लॉक्स चिपचा डोंगल लावला की विंडोज १० आणि ११ आपण होऊन त्याला 'लोकेशन सेन्सर' म्हणून बसवतात. मग विंडोजच्या लोकेशनवर चालणाऱ्या गोष्टींना जागा मिळते, पण नेव्हिगेशनची जुनी सॉफ्टवेअरं कॉम पोर्ट (यंत्राची माहिती ओळीने आत येते ते विंडोजमधलं दार) शोधतात आणि तो पोर्टच दिसत नाही. माणूस समजतो, डोंगल खराब आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेन्सरच्या यादीत तो सापडेल. 'अपडेट ड्रायव्हर' करून हाताने 'यूएसबी सिरियल डिव्हाइस' निवडा, की कॉम ३, कॉम ४ असा पोर्ट उगवतो. पोर्टचा वेग (बॉड रेट) यू-ब्लॉक्सला ९६००, जुन्या सर्फ चिपवाल्यांना ४८००. प्रोलिफिकची जुनी चिप असलेला डोंगल मित्राकडून फुकट मिळत असला तरी घेऊ नका, नव्या विंडोजचा ड्रायव्हर तो नाकारतो.

पोर्ट उघडलात की एनएमईएच्या, म्हणजे जीपीएस यंत्रं ज्या ठरावीक साच्यात माहिती पाठवतात त्या, ओळी धावताना दिसतील. त्यातली 'जीजीए'ने संपणाऱ्या नावाची ओळ बघायला शिका. वेळ, अक्षांश, रेखांश, किती उपग्रह, किती खात्री, सगळं तिच्यात असतं. वेळ ग्रीनिचची, म्हणजे साडेपाच तास मिळवायचे. आणि अक्षांश १८३१.२२४ असा दिसला तर तो १८ अंश ३१.२२४ मिनिटं असतो, १८.३१ अंश नव्हे. हे आकडे उचलून थेट दशांश म्हणून नकाशात टाकले, तर शिवाजीनगरच्या आसपासचा ठिपका चाळीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला, तोरण्यापलीकडच्या डोंगरात जाऊन बसतो. कोणाचा ठिपका असा सह्याद्रीत गेला की मी आधी हेच तपासतो.

डोंगल न लावता नुसत्या लॅपटॉपवर निळा ठिपका दिसतो, तो आसपासच्या वायफायवरून काढलेला अंदाज असतो. शहरात बरा असतो. फोनच्या हॉटस्पॉटवर ताम्हिणीत त्याला काहीच आधार नसतो, आणि इंटरनेटच्या पत्त्यावरून जागा ओळखली तर तुम्ही मुंबईतही दिसू शकता.

रेघेकडे येऊ. नेव्हिगेशन सॉफ्टवेअर तुमचा खरा ठिपका दाखवतच नाही. ते त्याला जवळच्या रस्त्यावर ओढून चिकटवतं. म्हणून बाण रस्त्याच्या मधोमध तुरुतुरु चालला की आपल्याला वाटतं, वा, काय अचूक! पण त्यातून ना जीपीएसची अचूकता कळते, ना नकाशाची. सेटिंगमध्ये 'रस्त्याला चिकटवा' अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो बंद करा आणि बाणेर ते वारजे महामार्गाने एक फेरी मारा. तिथे मुख्य रस्ता आणि सेवा रस्ता यांत कुठे कुठे एका कठड्याचंच अंतर आहे. पाच मीटरच्या चुकीत तुम्ही दोन्हींपैकी कुठेही असू शकता. सॉफ्टवेअर एक निवडतं आणि चुकीचा निवडला तर 'पुढे डावीकडे वळा' म्हणतं, जिथे डावीकडे कठडा आहे.

त्याहून कठीण नळ स्टॉप. २०२२ पासून तिथे खाली कर्वे रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. वरून पाहिलं तर सगळं एकच. उंचीवरून ओळखावं म्हटलं तर जीपीएसची उभी चूक आडव्या चुकीपेक्षा जास्त असते, आणि खालून जाताना आकाशच झाकलेलं. तुम्ही पुलावर चढलात की खालून गेलात, हे कुठलंही सॉफ्टवेअर पहिले काही सेकंद अंदाजानेच सांगतं. पुढच्या चौकात तुम्ही वळलात की त्याला कळतं. यावर औषध नाही.

रेघेचीच एक पोटगोष्ट, कारण तुम्ही भटके आहात असं पत्रावरून वाटलं. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट (डोंगरदऱ्यांचे तपशीलवार सरकारी नकाशे) स्कॅन करून लॅपटॉपवर टाकायचा मोह होईल. जरूर टाका, त्यातली डोंगरांची आणि ओढ्यांची नावं आजही दुसरीकडे मिळत नाहीत. पण ती शीट पृथ्वीच्या आकाराच्या 'एव्हरेस्ट' नावाच्या जुन्या मापावर बांधलेली आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर चालतं. रूपांतर न करता टाकलीत तर पुण्याच्या पट्ट्यात सगळं शंभर मीटरहून जास्त सरकलेलं दिसेल. क्यूजीआयएस या नकाशांवर काम करायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये योग्य प्रणाली निवडली की जुळतं.

आता तिसरी गोष्ट, रस्त्याचे नियम. नकाशाची परीक्षा इथेच होते आणि ती घरबसल्या घेता येते. मी कोणताही नकाशा हाती आला की ठरावीक जागा बघतो, आणि तुमच्या प्रवासात त्यातल्या बऱ्याच आयत्या येतात.

पहिली खंबाटकी. पुणे ते सातारा मार्ग काढा, मग सातारा ते पुणे. वर्षानुवर्षांची वाटणी अशी की साताऱ्याला जाताना घाट चढायचा आणि पुण्याकडे येताना बोगद्यातून यायचं. दोन्ही वेळेला एकच रेघ आली, तर त्या नकाशात एकेरी वाहतुकीची नोंदच नाही. जिथे एवढ्या मोठ्या महामार्गावर नोंद नाही, तिथे कोल्हापुरातल्या गल्ल्यांची काय असणार? तिथे नवे जुळे बोगदे खोदले असल्यामुळे ही वाटणी बदलणारी आहे, म्हणून नकाशाची तारीखही याच जागेवरून कळते.

दुसरी चांदणी चौक, जिथून तुमचा प्रवासच सुरू होतो. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडला, आणि नव्या पूल-रॅम्पची गुंतागुंत ऑगस्ट २०२३ मध्ये खुली झाली. ज्या नकाशात अजून जुना पूल आहे तो बाजूला ठेवा. नवे रॅम्प आहेत, पण पौड रस्त्याने पिरंगुटकडे जाताना भलत्याच रॅम्पवर चढवून मुंबईच्या दिशेला सोडत असेल, तर रेघा आहेत आणि त्यांची जोडणी चुकली आहे.

तिसरी खूण महामार्गांच्या क्रमांकांची. २०१० मध्ये क्रमांक बदलले: पुणे-सातारा रस्त्याचा ४ चा ४८ झाला, सोलापूर रस्त्याचा ९ चा ६५, नाशिक रस्त्याचा ५० चा ६० आणि कोकणातल्या मुंबई-गोवा रस्त्याचा १७ चा ६६. तुमच्याकडच्या त्या जुन्या सीडीवर मोठ्या अक्षरात १७ लिहिलं असेल, तर तिचा उपयोग चहाच्या कपाखाली ठेवायला.

शहरात लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, फर्ग्युसन आणि जंगली महाराज रस्ता हे एकेरी रस्ते तपासले की पुरे. पेठांमधल्या बोळांबद्दल मी कोणत्याच नकाशावर रुसत नाही. तिथे एकेरीचा फलक कुठला खरा मानायचा हे उभ्या असलेल्या मामांनाच ठाऊक.

आता सॉफ्टवेअर. लॅपटॉपसाठी खास बनवलेली नेव्हिगेशन सॉफ्टवेअरं हा प्रकार जवळजवळ संपला आहे, हे आधी मान्य करू. मायक्रोसॉफ्टचं स्ट्रीट्स अँड ट्रिप्स बंद झालं, अशीच सॉफ्टवेअरं करणारी डिलॉर्म ही कंपनी २०१६ मध्ये गार्मिनने घेतली, आणि त्यांचे रस्तेवार नकाशे तसेही आपल्याकडचे नव्हते. विंडोजमधलं स्वतःचं मॅप्स ॲप, जे नकाशा उतरवून इंटरनेटशिवाय चालायचं, तेही मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये काढून घेतलं. जुन्या लेखांमध्ये त्याची शिफारस अजून सापडते, तिकडे वेळ घालवू नका.

गुगल मॅप्स लॅपटॉपवर ब्राउझरमध्येच. आखणीला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही: मोठा पडदा, सुरुवात धरून दहा ठिकाणं, रेघ माउसने ओढून हव्या त्या घाटातून नेता येते. दहा शहरांत २०२२ पासून रस्त्याची छायाचित्रंही आहेत, त्यात पुणे आहे. पण लॅपटॉपवर ते वळणं बोलून दाखवत नाही आणि नकाशा उतरवूनही ठेवता येत नाही. आणखी एक फट: लॅपटॉपवर ओढून ठरवलेली रेघ फोनला पाठवली की फोन मार्ग नव्याने काढतो आणि तुमचं ओढणं विसरू शकतो. म्हणून रेघ ओढण्याऐवजी त्या रस्त्यावरचं गावच थांबा म्हणून घाला. तुमच्या बाबतीत पौड, निजामपूर, साखरपा.

वाहतूक कोंडी आणि अचानक बंद झालेला रस्ता यात गुगल इतरांच्या पुढे आहे, कारण त्याच्याकडे लोकांच्या फोनमधून ताजी माहिती येते. मात्र चार मिनिटं वाचवायला गावातून काढायची त्याची खोड वेगळी. रस्ता मोकळा आहे एवढं त्याला कळतं, पण तो बैलगाडीपुरता आहे हे दर वेळी कळत नाही.

मॅपमायइंडियाचं मॅपल्सही लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये आखणीपुरतं आणि फोनवर नेव्हिगेशनला. कंपनी १९९५ पासून भारतातच नकाशे करते आहे, आणि पत्ते, टोलनाके, गतिरोधक अशा गोष्टींत तिची मेहनत दिसते. प्रत्येक जागेला सहा अक्षरांचा कोड असतो, तो हॉटेलवाल्याने दिला तर फाटकापर्यंत पोचता. २०२१ मध्ये सरकारने नकाशांचे नियम सैल केल्यावर भारतीय कंपन्यांना बारकाईने नकाशे करायची मोकळीक मिळाली. माझा अनुभव, शहरी पत्त्यांना मॅपल्स आणि रस्त्यावरच्या हालचालींना गुगल.

राहता राहिला ओपनस्ट्रीटमॅप. तो २००४ पासून जगभरच्या लोकांनी मिळून काढलेला नकाशा आहे, फुकट आहे, आणि लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय खरं नेव्हिगेशन हवं असेल तर गाडी शेवटी याच्यावरच येते. विंडोजवर नॅव्हिट हे सॉफ्टवेअर महाराष्ट्राची फाइल उतरवून घेतं, कॉम पोर्टवरून जागा वाचतं आणि वळणंही सांगतं. पण ते लावणं म्हणजे एक्सएमएल नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये हात घालून पोर्ट, वेग आणि नकाशाचा पत्ता लिहिणं. दिसायला ओबडधोबड. तुमच्या घरात संगणकात रमणारं कोणी नसेल तर नको. विंडोजऐवजी लिनक्स टाकायची तयारी असेल तर ऑर्गॅनिक मॅप्स लॅपटॉपवर चालतं, आणि ते नीटनेटकं आहे. ज्याला नुसता नकाशा, त्यावर आपला ठिपका आणि मागे उमटत जाणारा माग एवढंच हवंय, त्याला मी क्यूजीआयएसच सुचवतो. ते वळण सांगत नाही, पण मागच्या सीटवर बसून 'पुढे डावीकडे नदी येईल, मग पूल' असं सांगायला त्याच्याइतकं मोकळं दुसरं काही नाही.

ओपनस्ट्रीटमॅपची बलस्थानं आणि दुखणी दोन्ही कोकणात दिसतात. रस्ता आहे की नाही, यात तो बहुधा बरोबर असतो, कारण कोणीतरी उपग्रहाच्या चित्रावरून रेघ काढलेली असते. रस्ता कसा आहे, यात चुकतो. चित्रात वाडीची पायवाट आणि ग्रामसडक सारखीच पांढरी दिसते. वेळेचा अंदाजही उदार. त्यावर मार्ग काढणाऱ्या एका प्रचलित गणितात रस्त्याच्या दर्जानुसार ताशी ५५ किंवा ६५ किलोमीटर ठरवून टाकलेले असतात, वळणांचा हिशेब नाही. ताम्हिणीत धुकं असो नसो, तो वेग कोणाला मिळत नाही. घाटाचा वेळ मी सरळ दीडपट धरतो. आंबा घाटालाही तोच हिशेब.

माणगावला ६६ क्रमांकाच्या रस्त्याला लागल्यावर एक गंमत अपेक्षित ठेवा. चौपदरीकरणात रस्ता जागोजागी सरकला आहे, गावांना वळसे आले आहेत, आणि कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणपतीत पहिल्यांदा वापरात आला. जुन्या फाइलमध्ये तुमचा बाण भातखाचरांतून चालताना दिसेल आणि सॉफ्टवेअर 'शक्य असल्यास मागे वळा' असा धोशा लावेल. आवाज बंद करा आणि फलक बघून चला. जुन्या कशेडी घाटाच्या वळणांवर नेऊ पाहत असेल तरी समोरचा रस्ता काय सांगतो ते ऐका. आणि वाटेत कोणी ताम्हिणीऐवजी भोरमार्गे वरंधा सुचवला, तर भोरच्या बाजूला आधी फोन करून विचारा. पावसाळ्यात तो घाट प्रशासन बंद करतं, आणि असे आदेश उतरवलेल्या नकाशात कधीच नसतात.

गाडीतली मांडणी. पुढच्या सीटवर मांडीवर उघडा लॅपटॉप घेऊन बसू नका; एअरबॅग उघडली तर तो थेट छातीवर येईल. मागच्या सीटवर बसून नकाशा बघणं सर्वांत सुरक्षित, पुढेच बसायचं असेल तर लॅपटॉप बंद आणि चहाला थांबलात की उघडा. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२० ते १८० वॉट. जुन्या लॅपटॉपचा ९० वॉटचा चार्जर १५० वॉटच्या इन्व्हर्टरवर चालेल, पण त्याच सॉकेटवर टायरचा पंप लावू नका. आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर निघण्यापूर्वी एसएसडी बसवून घ्या. खड्ड्यांत फिरती डिस्क टिकत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. आदल्या रात्री लॅपटॉपवर गुगलमध्ये आखणी, वर सांगितलेली गावं थांबे म्हणून घालून. फोनवर गुगलचा त्या पट्ट्याचा नकाशा उतरवलेला, आणि सोबत ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं एक ॲप, कारण घाटात नेटवर्क जातं. लॅपटॉपवर क्यूजीआयएस, डोंगल डॅशबोर्डवर, माग नोंदवणं चालू. मग ज्या ज्या ठिकाणी बाण रस्ता सोडून शेतात गेला, त्या ठिकाणचा माग जीपीएक्स फाइलमध्ये (माग साठवायचा नेहमीचा साचा) जपून ठेवा. घरी आल्यावर ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून तो माग चढवा किंवा तिथे नुसती टीप टाका: अमुक ठिकाणी नवा वळसा, दोन्ही बाजूंनी वाहतूक सुरू. कोणीतरी ती रेघ सरळ करतं, आणि नकाशाची पुढची फाइल उतरवलीत की तिच्यात तो वळसा आलेला असतो. माग नेमका कसा चढवायचा हे जमलं नाही तर फाइल मला पाठवा, मी करून देईन.